विश्लेषण : सेल्फ फिरतो, पण ठिणगी पडत नाही... जुन्या ट्रकचे इग्निशन घडवणारे चार्ल्स केटरिंग कोण होते?

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी मागे पडली की नागाव लागते. समुद्राच्या अंगाला नारळ-पोफळीच्या वाड्या आणि प्रत्येक दुसऱ्या वाडीच्या तोंडाशी राहण्या-जेवणाच्या सोयीची पाटी. अशाच एका वाडीत, माझ्या मामांच्या, १९४९ च्या मॉडेलचा पेट्रोलवर चालणारा शेवरोले ट्रक पत्र्याच्या शेडखाली उभा असतो. धंद्यातून तो केव्हाच बाहेर पडला. आता पाहुणे त्याच्यासमोर फोटो काढतात आणि मामा वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, तो समुद्रापर्यंत नेतात.

यंदा तो चालूच होईना. एका गॅरेजवाल्याने नवी कॉइल आणि सहा नवे प्लग टाकून पैसे घेतले. ट्रक जागचा हलला नाही. दुसऱ्याने इंजिनच बदलायला सांगितले. तिसरा आला तो भंगारवाला, आणि त्याने वजनावर दर सांगितला. मामींना तो दर वाईट वाटला नाही, हे विशेष.

मी इंजिनीअरिंगची पदवी घेऊन बातम्यांच्या डेस्कवर बसलेला भाचा. घरच्यांच्या मते पदवीचा उपयोग करण्याची ही पहिलीच संधी होती. पण खरी मदत झाली ती १९५८ साली निवर्तलेल्या एका अमेरिकन अभियंत्याची. या ट्रकमध्ये बॅटरीपासून प्लगपर्यंत वीज ज्या वाटेने जाते, ती वाट मोटारीत रूढ करणारे चार्ल्स केटरिंग. आपण ज्याला ‘सेल्फ मारणे’ म्हणतो, तो सेल्फही त्यांचाच. आणि पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा निर्णयही.

केटरिंग कोण होते?

२९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डोळे लहानपणापासून अधू. वाचले की डोके दुखायचे. शाळा संपल्यावर त्यांनी काही काळ गावच्या शाळेत शिकवले, मग ओहायो स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला. पण डोळ्यांनी साथ सोडली आणि शिक्षण अर्धवट टाकावे लागले.

मधल्या काळात ते टेलिफोन कंपनीच्या लाइनवर कामाला लागले. खांबांसाठी खड्डे खणायचे, तारा ओढायच्या आणि लाइन बंद पडली की ती कुठे तुटली ते शोधायचे. मैलोन्‌मैल तारेत बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्याची एकच रीत असते. एका टोकापासून सुरुवात करायची आणि वीज कुठपर्यंत पोहोचते ते टप्प्याटप्प्याने पाहायचे. अंदाजाने खांब बदलत सुटणाऱ्याचा दिवस वाया जातो. पुढे आयुष्यभर केटरिंग यांनी यंत्रांकडे पाहिले ते बहुतेक याच नजरेने, असे त्यांचे काम वाचताना वाटते.

विद्यापीठात परत जाऊन १९०४ मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. वय तेव्हा २७, वर्गमित्रांपेक्षा बरेच जास्त. लगेच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. दुकानदार गल्ल्याच्या यंत्राचा दांडा हाताने फिरवत असत; केटरिंग यांनी त्याला विजेची मोटार बसवली. मोटार छोटी, पण क्षणभर जोर मोठा. ती सतत चालायची नव्हती, म्हणून तिच्यावर काही सेकंद क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवायची. ती पुढे पुन्हा येणार आहे.

१९०९ मध्ये नेमके काय घडले?

कॅश रजिस्टर कंपनीतले त्यांचे वरिष्ठ सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केटरिंग आणि कंपनीतले काही सहकारी तिथे जमायचे. विषय होता मोटारीची ठिणगी.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलच्या वाफेचे मिश्रण दाबले जाते आणि अचूक क्षणी ठिणगीने पेटवले जाते. त्या काळी ठिणगीचे दोन मार्ग होते. एक मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे छोटे वीजयंत्र. इंजिन वेगात असताना ते उत्तम, पण हँडल मारून इंजिन हळूहळू फिरत असताना, म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हा, त्याची ठिणगी मरतुकडी. दुसरा मार्ग कोरड्या बॅटऱ्या आणि थरथरणाऱ्या कॉइलचा. त्यात एका ठिणगीच्या जागी ठिणग्यांची माळ उडायची आणि बॅटऱ्या भराभर संपायच्या.

केटरिंग यांनी प्रत्येक स्फोटासाठी एकच, पण जोरकस ठिणगी देणारी रचना केली. इंजिन हळू फिरो की वेगाने, ठिणगीचा जोर बॅटरीवर अवलंबून. आणि बॅटरीही टिकणार. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांना ती पटली आणि १९०९ मध्ये त्यांनी ८ हजार संचांची मागणी नोंदवली. कोठारातल्या मंडळींकडे कारखाना नव्हता. डीड्स आणि केटरिंग यांनी घाईघाईने डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली आणि संच दुसरीकडून बनवून घेतले. त्या लांबलचक नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘डेल्को’ हे नाव निघाले. मामांच्या ट्रकच्या डिस्ट्रीब्युटरवरच्या पत्र्यावर गंजाखाली आजही डेल्को-रेमी वाचता येते.

ही ठिणगी तयार कशी होते?

बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. प्लगच्या फटीतून, दाबलेल्या हवेत ठिणगी उडवायला मात्र साधारण १० ते २० हजार व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या तारेचे, शंभरपट वेढ्यांचे.

जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह जातो आणि गाभ्यात चुंबकत्व साठते. मग डिस्ट्रीब्युटरमधले पॉइंट उघडतात. पॉइंट म्हणजे धातूच्या दोन बारीक टिकल्या, फिरत्या कॅमने उघड-मीट होणाऱ्या. ते उघडताच प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि त्या धक्क्याने बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. पॉइंटच्या शेजारचा कंडेन्सर हा प्रवाह झटक्यात तुटेल हे पाहतो. तो नसेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते. शेवटी रोटर आणि कॅप मिळून ती वीज ज्या सिलिंडरची पाळी आहे त्याच्या प्लगकडे पाठवतात. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २ हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर वेळा हे सगळे घडते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आली नव्हती. ठिणगी पॉइंट उघडताना पडते, पण तिची ताकद पॉइंट मिटलेले असताना ठरते. मिटलेल्या काळात कॉइलमध्ये पुरेसा प्रवाह गेलाच नाही, तर उघडताना कोसळायला काही उरतच नाही.

ठिणगी अजिबात नसेल तर कुठून सुरुवात करायची?

टेलिफोनच्या तारेसारखी, एका टोकापासून. त्याआधी बोनेट उघडून हवा खेळू द्यावी. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कार्ब्युरेटर गळत असेल तर ठिणगीची चाचणी करूच नये. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि जाड लीड हाताने नव्हे तर रबरी मुठीच्या पकडीने धरायची.

कॉइलमधून डिस्ट्रीब्युटर कॅपच्या मधोमध येणारी लीड कॅपकडून काढायची आणि तिचे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवून इंजिन फिरवायचे. निळी, जाडसर, कडकड वाजणारी ठिणगी दिसली तर कॉइलपर्यंत सारे ठीक. दोष पुढे, म्हणजे रोटर, कॅप, लीड किंवा प्लगमध्ये. कॅपला आतून केसासारखी चीर गेलेली असते आणि दमट हवेत वीज त्या चिरेतून पळते, हा कोकणातला नेहमीचा प्रकार. ठिणगी पिवळट-तांबूस आणि बारीक असेल तर ती कमजोर. काहीच नसेल तर मागे वळायचे.

मागे वळल्यावर पाच-दहा रुपयांचा छोटा बल्ब आणि दोन वायर, म्हणजे टेस्ट लॅम्प, पुरतो. इग्निशन चालू करून तो कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला आणि बॉडीला लावायचा. पेटला नाही तर चावीचा स्विच किंवा तिथवरची वायर. पेटला तर लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रीब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला लावायचा आणि इंजिन फिरवायचे. पॉइंट उघडे असताना लॅम्प पेटतो, मिटले की विझतो. म्हणजे तो लुकलुकला पाहिजे. कधीच पेटत नसेल तर कॉइलचे वेटोळे तुटलेले, किंवा पॉइंटकडे जाणारी वायर अथवा कंडेन्सर बॉडीला शॉर्ट झालेला. आणि सतत पेटून राहत असेल तर पॉइंट विजेच्या दृष्टीने मिटतच नाहीत.

नागावात लॅम्प सतत पेटून राहिला. कॅप काढली. पॉइंट डोळ्यांना मिटलेले दिसत होते, पण टिकल्यांवर राखाडी थर चढला होता. चार महिन्यांचा पाऊस आणि खारे वारे, आणि ट्रक एका जागी उभा. सहा व्होल्टला तो पापुद्रा ओलांडता येत नव्हता. पॉलिश पेपरने घासण्याचा मोह होतो. पण त्याचे कण टिकलीत रुतून बसतात आणि पॉइंट पुन्हा जळतात. बारीक कानस हलक्या हाताने फिरवली, कोरा जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढला. मग कॅम टोकावर आणून फीलर गेजने अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत फट लावली. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो, तोच पाळावा.

लॅम्प लुकलुकू लागला. ठिणगीही आली. पण पिवळी.

नवी कॉइल असूनही ठिणगी कमजोर का?

कारण ती नवीच होती. हा ट्रक सहा व्होल्टचा. बाजारात सहज मिळते ती बारा व्होल्टची कॉइल, आणि गॅरेजवाल्याने तीच बसवली होती. दिसायला दोन्ही सारख्याच. मल्टिमीटर लावला तर नव्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा रोध साडेतीन ओहमच्या आसपास, आणि कोपऱ्यात फेकलेल्या जुन्या कॉइलचा सव्वा ओहम. सहा व्होल्टवर नव्या कॉइलमधून प्रवाह जात होता जुनीच्या जेमतेम एक-तृतीयांश. जुनी कॉइल पुसून परत बसवली आणि ठिणगी निळी झाली. बिघाड म्हणून काढलेला भाग चांगला होता आणि दुरुस्ती म्हणून आलेला भाग बिघाड होता. मामांनी गॅरेजवाल्याबद्दल जे उद्गार काढले ते इथे देण्यासारखे नाहीत.

तरीही सेल्फवर ट्रक चालू होईना. त्यासाठी केटरिंग यांच्या आयुष्यातल्या पुढच्या प्रकरणाकडे जावे लागते.

‘सेल्फ’ कसा आला?

१९१० पर्यंत मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडल झटका देई. मनगट मोडणे ही रोजची गोष्ट होती. मोटारउद्योजक बायरन कार्टर १९०८ मध्ये वारले. रस्त्यात बंद पडलेली दुसऱ्या कोणाची गाडी सुरू करून देताना हँडलचा तडाखा बसला आणि त्या दुखण्यातून त्यांचा मृत्यू ओढवला, असे वाहनउद्योगात सांगितले जाते. सांगणाऱ्यागणिक या कथेचे तपशील बदलतात. लेलँड कार्टर यांचे स्नेही होते आणि हँडल घालवण्याचा ध्यास त्यांनी यानंतर घेतला, असा कथेचा उत्तरार्ध आहे.

काम केटरिंग यांच्याकडे आले. इंजिन फिरवू शकेल एवढी विजेची मोटार जवळपास इंजिनाएवढीच होईल, असे तज्ज्ञांचे गणित होते. सतत चालणाऱ्या मोटारीसाठी ते बरोबरही होते. पण केटरिंग यांनी गल्ल्याच्या यंत्रावर काम केले होते. स्टार्टरला तासभर चालायचे नाही, काही सेकंद चालायचे आहे. तेवढ्यापुरता जास्तीचा भार लहान मोटार सोसते. १९११ मध्ये त्यांनी ते कॅडिलॅकवर करून दाखवले आणि १९१२ च्या मॉडेलपासून सेल्फ गाडीबरोबरच मिळू लागला. बॅटरी, ती भरणारा डायनॅमो, स्टार्टर, दिवे आणि इग्निशन ही सगळी एकाच संसारात आली. आजच्या पेट्रोल गाडीचा विजेचा आराखडा ढोबळमानाने तोच आहे.

या एकत्र संसारातच आमचा तिसरा दोष लपला होता. सेल्फ फिरताना बॅटरीतून शंभराहून जास्त अँपिअर प्रवाह ओढतो. त्याच क्षणी त्याच बॅटरीकडून कॉइलला आपला वाटा हवा असतो. वाटेत कुठे गंज असेल तर सेल्फ रडतखडत फिरतो आणि कॉइलपर्यंत मात्र पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत. सहा व्होल्टच्या गाडीत एक-दीड व्होल्ट गमावणे म्हणजे चौथा हिस्सा गमावणे. सेल्फ मारत असताना व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या बॉडीकडच्या टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर ठेवले की हे दिसते. पाव व्होल्टपेक्षा फार जास्त दिसायला नको. आम्हाला सव्वा दिसला. इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची पट्टी, अर्थिंगची, बोल्टपाशी हिरवी पडून धाग्यावर आली होती.

नवी पट्टी अलिबागहून येईपर्यंत मामांना दम निघेना. त्यांनी सीटमागून हँडल काढले. हँडल मारताना सेल्फ काही ओढत नाही, त्यामुळे बॅटरीतून एरवी सेल्फकडे जाणारी ताकद कॉइललाच मिळते. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झाले. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, म्हणजे उलटा झटका आला तर हात सुटतो. हे मामांना त्यांच्या वडिलांनी शिकवले होते. केटरिंग यांनी जे घालवण्यासाठी सेल्फ बनवला, तेच शेवटी कामी आले.

हा ट्रक कोकणात आला कसा?

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि १९१८ मध्ये जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. केटरिंग १९२० पासून जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले आणि १९४७ पर्यंत राहिले. याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना सुरू केला. भारतातला मोटारींच्या जुळणीचा हा पहिला कारखाना. सुटे भाग जहाजाने यायचे, शिवडीला जोडले जायचे. शेवरोलेच्या चासीवर देशी सुतार-लोहारांनी बांधलेल्या बॉड्या चढून बस आणि ट्रक रस्त्याला लागायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने केवळ जुळणी नको, उत्पादन इथेच करा, असे धोरण घेतले आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने हा व्यवसाय आवरला. तोवर कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज आणि फार्गो ट्रक बनू लागले होते. पॉइंट-कॉइलची रचना तीच. पुढे डिझेल इंजिने आली. त्यांना ठिणगीच लागत नाही, त्यामुळे ट्रकच्या मेकॅनिकांच्या हातून ही विद्या हळूहळू सुटली.

मग शिशाचा संबंध काय?

केटरिंग यांच्या चरित्रातला हा भाग त्यांच्या गौरवलेखांत दोन ओळींत उरकला जातो. खरे तर तोही बिघाड शोधण्याच्याच गोष्टीतून सुरू होतो.

बॅटरी इग्निशन रूढ झाले तसे इंजिनात खडखड ठोके ऐकू येऊ लागले. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला नॉकिंगच म्हणतात. चढावर, जोर लावताना जास्त. प्रतिस्पर्ध्यांनी दोष केटरिंग यांच्या ठिणगीला दिला. त्यांनी ते मान्य केले नाही आणि थॉमस मिजली या तरुण अभियंत्याला इंजिनाच्या आत काय घडते ते पाहायला बसवले. निष्कर्ष असा निघाला की ठिणगी निर्दोष आहे, दोष पेट्रोलचा. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण दाबाने आपोआप भडकते, तो हा ठोका. हे निदान अचूक होते आणि आजही तेच मानले जाते.

चुकले ते औषध. मिजली यांनी वर्षानुवर्षे शेकडो पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून पाहिले. अल्कोहोल मिसळले की ठोके थांबतात हे दोघांनाही ठाऊक होते. पण त्यासाठी अल्कोहोल बरेच मिसळावे लागे आणि त्यावर कोणाचा एकाधिकार शक्य नव्हता. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग तपासले गेले. एका गॅलनला काही ग्रॅम पुरे. स्वस्त, आणि पेटंट घेण्याजोगे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्येच त्याची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये ‘इथाइल’ कंपनी निघाली आणि केटरिंग तिचे पहिले अध्यक्ष झाले. मालाच्या नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसे विषारी आहे हे तेव्हाही गुपित नव्हते. मिजली स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून काही आठवडे रजेवर गेले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील प्रकल्पात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. डेटन आणि डीपवॉटर इथेही बळी गेले. विक्री थांबवावी लागली. मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारने बैठक बोलावली. तिथे केटरिंग यांनी या संयुगाची बाजू मांडली. समितीने थोड्या महिन्यांत, थोड्या लोकांवर पाहणी केली आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. शिशाच्या परिणामांचा पुढचा अभ्यास बरीच वर्षे याच उद्योगाच्या पैशावर चालला.

केटरिंग दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही, आणि त्यांना नुकसानीचा अंदाजच नव्हता असे म्हणणेही पटत नाही. १९२३ मध्ये त्यांचे हवेने थंड होणारे, तांब्याच्या पंख्यांचे शेवरोले इंजिन सपशेल फसले होते. जेमतेम ७५९ गाड्या बनल्या, त्या परत बोलावल्या गेल्या आणि केटरिंग यांनी राजीनामाही देऊ केला. तो स्वीकारला गेला नाही. त्या गाड्यांचा दोष काही महिन्यांत दिसला, कारण ग्राहक रस्त्यात अडकत होते. शिशाचा दोष इंजिनात दिसत नव्हता. तो मुलांच्या रक्तात साठत होता, आणि तिथे टेस्ट लॅम्प लावायला कोणी गेले नाही.

यातला आणखी एक तपशील ठिणगीशी जोडलेला आहे. जळलेल्या शिशाचा थर प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसायचा. गरम झाल्यावर तो थर वीज वाहून नेतो, मग ठिणगी फटीतून न उडता थरातून निसटते आणि सिलिंडर मिस होतो. केटरिंग यांच्या शिशाने केटरिंग यांचीच ठिणगी कमजोर केली. उपाय म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनचे संयुग मिसळले गेले. ते शिशाला धरून वायुरूपात सायलेन्सरमधून बाहेर काढायचे. प्लग स्वच्छ राहिले. शिसे रस्त्यावर आले.

पुढे केटरिंग यांचे काय झाले?

मोटारींचा झटपट वाळणारा रंग आणि रेल्वेची दोन-स्ट्रोक डिझेल इंजिने त्यांच्या देखरेखीखाली आली. रेफ्रिजरेटरमधला फ्रिऑन वायूही. त्याचे ओझोनशी असलेले वैर बऱ्याच उशिरा कळले. त्यांच्या नावावर १८६ पेटंट जमा झाली. १९४५ मध्ये अल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर त्यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. स्लोन-केटरिंग हे नाव मुंबईतल्या डॉक्टरांच्याही परिचयाचे आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा जगातल्या बहुतेक पेट्रोलमध्ये शिसे होते.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतून शिसेविरहित पेट्रोलची सुरुवात झाली आणि २००० मध्ये देशभरातले शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगात रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे २०२१ च्या जुलैमध्ये ते थांबले. दरम्यान आपल्या पंपांवर अल्कोहोल परत आले आहे, इथेनॉल या नावाने, २० टक्के. मामांच्या ट्रकच्या जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून त्या बदलाव्या लागल्या. ते काम अर्ध्या तासाचे होते.

अर्थिंगची नवी पट्टी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बसली. सेल्फला या ट्रकमध्ये बटण नाही. पायाखालचा पेडल दाबायचा. मामांनी तो दाबला. मामी ओटीवरून पाहत होत्या. इंजिन लागल्यावर त्यांनी भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितले, आणि मग मामांना विचारले, हा धूर घराकडे यायच्या आत गाडी फाटकाबाहेर काढणार का?